न दाबता घेतलेली चिंबोरी

काल्हेरच्या आगरी बायकांना चिंबोरी विकायची म्हणजे आधी बोलणी खायची तयारी हवी. बाई दारात येणार, पाटीतली चिंबोरी उलटी करणार, अंगठ्याने तिचं पोट दाबून बघणार आणि नाक मुरडून म्हणणार, "पोकल हाय गं." मग दुसरी, मग तिसरी. सगळी पाटी ढवळून झाली की पहिलीच परत उचलणार. गोदूबाई वाघे हा छळ बावीस वर्षं सोसत होती आणि खरं सांगायचं तर तिला तो आवडायचा. "पोकल आसंल तुमचा डोका! आवसेची चिंबोरी हाय, गच भरलेली," असं ती तोंडावर सुनवायची. अख्ख्या कातकरीवाडीत तिच्याइतकं फटकळ कुणी नव्हतं आणि तिच्याइतकं विश्वासाचंही.

ओहोटी लागली की ती खाडीच्या चिखलात मांडीभर उतरायची, बिळात हात घालायची. दोन्ही हातांवर नांग्यांचे वळ. नंतर पाटी डोक्यावर घेऊन काल्हेरची फेरी. भातशेतं होती तेव्हा एका बांधावर दहा बायका भेटायच्या, पाटी तिथेच रिकामी व्हायची. आता शेतांच्या जागी गोडाऊन उभी राहिली, आलेल्या पैशातून तीनमजली बंगले झाले आणि त्याच दहा बायकांसाठी दहा गेटच्या बेल दाबाव्या लागायच्या. पैसा आला तशा बायका एकेकट्या झाल्या. हे कुणी बोलत नव्हतं, पण गोदूबाईला ते रोज दिसायचं.

तर एके दिवशी त्यातल्याच एका बंगल्यात, सीताबाईंच्या घरी, दार उघडलं ते सुनेने, उन्नतीने. लग्नाआधीपासून गोडाऊनच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारी चुणचुणीत पोरगी. बाळंतपणासाठी नोकरी सोडली, लेक सहा महिन्यांची झाली. चिंबोरी निवडण्यात तर सासूला मागे टाकेल अशी. तिने टोप पुढे केला आणि म्हणाली, "चार दे." नजर भलतीकडेच. गोदूबाईने मुद्दाम एक मऊ पोटाची, पोकळ चिंबोरी वर ठेवली. उन्नतीने ती तशीच टोपात घेतली. दाबली नाही की उलटून पाहिली नाही.

दुसरी कुणी विकणारी खूश झाली असती. गोदूबाईने ती काढून घेतली आणि भरलेली टाकली; तेही उन्नतीने पाहिलं नाही.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला आत बाळ टाहो फोडत होतं आणि उन्नती दारात अशी उभी होती की जणू ते शेजारच्या घरातलं रडणं. गोदूबाईने पाटी उचलली आणि फेरी अर्धी टाकून तडक गावच्या आशा कार्यकर्तीचं, माधवीचं, घर गाठलं.

माधवीने कपाळाला हात लावला. महिन्यापूर्वीच ती मनाच्या आजाराचा छापील कागद घेऊन घरोघर फिरली होती. कातकरीवाडीत तिने विचारलं होतं, "जेवणावरची इच्छा उडते का?" बायका हसून म्हणाल्या होत्या, "विच्छा लय हाय ताई, जेवान न्हाय." आणि तसं म्हणता म्हणता दोघीतिघींचे डोळे भरून आले होते. सीताबाईंच्या बंगल्यात मात्र सुनेला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला सासूनेच उत्तर दिलं होतं. कागदावर त्या घरात सगळं उत्तम होतं.

"मला ते परत आत घेणार नाहीत," माधवी म्हणाली. "गोदूबाई, तुम्हीच बोलून बघा."

बोलणं सोपं होतं का? सीताबाईंचा शब्द सगळ्या आळीत चालायचा. त्या बिनसल्या तर दहाच्या दहा गेट बंद, आणि गोदूबाईची चूल त्या गेटांवरच पेटत होती. तरी ती दुसऱ्या दिवशी गेली आणि सीताबाईंना सरळच म्हणाली, "तुमचे सुनंचा मन बरा न्हाय. डाक्टरला दाखवा."

सीताबाईंचा पारा चढला. "आमचे घरान कसली कमी हाय गं? गाडी हाय, एसी हाय, धुन्याभांड्याला बाई हाय. तू माझे सुनंला येडी ठरवतंस? चल, ऊठ आधी!" गेट आपटलं ते चार घरांत ऐकू गेलं. पुढचे चार दिवस त्या आळीत गोदूबाईने बेल दाबली की आतला टीव्ही तेवढा मोठा व्हायचा.

पाचव्या दिवशी ती पुन्हा सीताबाईंच्या पायरीवर येऊन बसली. या वेळी डोक्यावर पाटी नव्हती. याला धीर म्हणतात, आणि तो गोदूबाईकडे पोतंभर होता.

"आता कशाला आलीस?" सीताबाईंनी गेटच्या आतूनच विचारलं.

"इकायला न्हाय आले. आयका जरा." गोदूबाई जमिनीकडे बघत बोलू लागली. "तवा पावसाला सरला का आमी वीटभट्टीवर जायचो. माझी थोरली तापान गेली, चार वर्सांची. तिसरे दिवशी मी परत इटा थापायला बसले. मंग मना कशाची चव कलंना. धाकटा रडं, पन मना त्याचा आवाज लांबून येल्यावानी वाटं. भट्टीवर कोनाला कलनार? तिथं सगल्याच गप. येक दिस मी पान्याच्या खड्ड्याकडं चालत निंगाले. काठावर पाय सरकला नि भ्याले, म्हनून परत आले. तवा कोनी मना इचारला न्हाय, मीनं कोनाला सांगितला न्हाय. आज तुमाला सांगते. तुमची सून तशीच उभी ऱ्हाते, सीताबाय."

सीताबाईंनी गेटची कडी काढली. मागे पडद्याशी उन्नती उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मना पन खाडी दिसते, आई," ती हळूच म्हणाली. "रोज."

सीताबाईंनी सुनेला ओढून पोटाशी धरलं आणि मुलाला की नवऱ्याला, कुणालाच काही न विचारता माधवीला फोन लावला.

भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टर आठवड्यातून एकदाच बसायच्या. रिक्षातून तिघी गेल्या, बाळ सीताबाईंच्या मांडीवर. गोदूबाई नको नको म्हणत होती, पण सीताबाईंनी तिला हाताला धरून बसवलं. डॉक्टरबाई उन्नतीशी एकटीशीच बराच वेळ बोलल्या. नंतर सासूला आत बोलावून म्हणाल्या, "बाळंतपणानंतर होतं असं. हा आजार आहे आणि तो बरा होतो. सध्या यांना एकटं सोडू नका. वेळेवर आणलंत."

सीताबाईंनी औषधाची चिठ्ठी घेतली, पण खुर्ची सोडली नाही. दारात उभ्या असलेल्या गोदूबाईकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आनखी एक केसपेपर काढा. हिचा."

"मना काय झालाय?" गोदूबाई दचकलीच.

"हिची पोर गेली, डाक्टर. हिला कोनी इचारलाच न्हाय. आमी पन न्हाय. बावीस वर्सा ही आमचे दारान येते."

"कधी गेली मुलगी?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकोनीस वर्सा झाली," गोदूबाई ओशाळून म्हणाली. एवढ्या जुन्या गोष्टीसाठी पेपर काढतात का, म्हणून आता बाई हसणार असं तिला वाटलं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी समोरची खुर्ची तिच्याकडे सरकवली, ती बसेपर्यंत थांबल्या आणि विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

भट्टी सोडल्यापासून ते नाव गोदूबाईच्या तोंडून निघालं नव्हतं. घरातही कुणी ते घेत नसे.

"रीमा," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.