गाळातून निघालेली सायकल

माउंटन बाइक नुसती जुनी असून भागत नाही. आम्हा जमवणाऱ्यांना ती पुढे शॉकअब्सॉर्बर यायच्या आधीची लागते. पोलादी फ्रेम, पुढच्या चाकाला धरणारा सरळ फोर्क, हँडलवर अंगठ्याने ढकलायचे गिअर, आणि रंगही मूळचाच. ती कुणी चालवली हे सांगणारं माणूस भेटलं, तर मग विचारूच नका.

त्या दुष्काळात आमच्या कंपनीच्या वॉचमनचा सकाळीच फोन आला. तो बिडकीनजवळचा, मेंढपाळ घरातला; माझा नाद त्याला ठाऊक होता. आमच्या रानातल्या आटलेल्या विहिरीच्या गाळात सायकल निघालीय, लगेच येऊन न्या, म्हणाला. घाई कशाची, विचारलं तर रान प्लॉटिंगला दिलंय, दुपारी विहीर बुजवणार आहेत, असं कळलं.

मी पोचलो तेव्हा काठावर मुरमाचे डंपर उभे होते. बाभळीखाली सायकल आडवी पडली होती. फडक्याने चिखल पुसला तसा खालून लाल रंग दिसू लागला. गिअर जागच्या जागी होते. मागचं कॅरिअर तेवढं गावातल्या लोहाराने केलेलं. मी हरखून विचारलं, ही कुणाची?

"येरूळच्या लेण्यापाशी एका गोऱ्या पाव्हण्यानं दिली व्हती," वॉचमन म्हणाला. कुणाला, ते सांगेना. सारखा रस्त्याकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "वहिनी यायच्या आत गाडीत टाका, सायेब."

माझा हात तिथेच थांबला. त्याच्या थोरल्या भावाची हकिकत त्यानेच मला सांगितली होती. आधीच्या दुष्काळात भाऊ सायकलवरून कन्नडच्या साखर कारखान्यात काम बघायला गेला, तो परतलाच नाही. तिकडे दुसरा घरोबा केला असेल, असं गाव म्हणायचं. वहिनी मात्र कुंकू लावत राहिली.

ती आलीच. कुणीतरी तिला कळवलं असावं. रडली नाही. सायकलीपाशी बसून कॅरिअरवरून हात फिरवत राहिली.

"ह्याच्यावर बसून मी माहेराला जायची," ती मला म्हणाली. मग दिराकडे वळली. "भावजी, कारखान्याला गेले म्हनला व्हता ना तुमी?"

ती उठली आणि विहिरीच्या काठावर डंपरना आडवी जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली. पोलिसांना फोन मी केला.

संध्याकाळपर्यंत गाळ उपसला. पहिलं हाड वर आलं तेव्हा वॉचमन विहिरीकडे पाठ करून बसला होता. भांडण झालं, भावाचा पाय घसरला, एवढंच तो पोलिसांना म्हणाला. पोलीस त्याला घेऊन गेले, सायकलही नेली. खटला अजून चालू आहे.

आता तिथे चारी बाजूंनी कंपाउंडं उठलीत. मधली विहीर उघडीच आहे. वहिनी ती बुजवू देत नाही.