खिळे कोणी ठोकले?

आमच्या रामवाडीतल्या घरी निडी गावचा एक सुतार दोनदाच आला. नाव मी विचारलं नाही. ओठांत स्क्रू धरूनच तो बोलायचा आणि कामाआधी दार उघडून-मिटून त्याची कुरकुर कान देऊन ऐकायचा.

पहिल्यांदा आला तेव्हा बायको रोह्याला माहेरी होती. त्याने बिजागऱ्या छान बसवल्या. वर्षाने स्क्रू ढिले झाले, तेव्हा मी फुशारकीने त्याच भोकांत खिळे ठोकले आणि चौकट चिरली. पुन्हा त्यालाच बोलावलं. बायकोला तो नवाच.

"हे खिळे कोणी ठोकले हो?" तिने मला विचारलं.

"आधीच्या सुताराने."

त्याने ओठांतले स्क्रू हातात घेतले. "व्हय काकू, त्याला अक्कलच नाय. परत घरात घेऊ नका त्याला!"

ती चहा ठेवायला गेली. भोकांत बांबूच्या काड्या ठोकत तो हसला. "दाराचं मी बघतो काका. काकूंना खरं तुमी सांगा."

"कधी?"

"हिंमत झाली म्हंजे."

ती हिंमत व्हायला मला अकरा वर्षं लागली. बायको अजून त्या अडाणी सुताराची गोष्ट गल्लीभर सांगते. म्हणून लिहितो: खिळे मी ठोकले. हा कागद तिच्या चष्म्याखाली ठेवून मी जरा बाजारात जाऊन येतो.