पेटीवर बसलेली घरमालकीण

सिडनीतल्या टूनगॅबीत मी जिच्या घरात खोली घेऊन राहत होते, ती अल्बानियन विधवा बाई एक नंबरची फटकळ होती. माझ्या फोडणीने तिला शिंका यायच्या आणि दर शिंकेला ती माझ्या दारावर एक थाप मारायची. चार वर्षं आम्ही मनसोक्त भांडलो.

माझं लग्न ठरलं तेव्हा आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं होतं, विमानप्रवास बंद. बाबा नाहीत, भावंड नाही. "व्हिडिओ कॉल आहे की!" असं मी सगळ्यांना हसत सांगत होते. खरं सांगायचं तर मुलीकडची म्हणून मला एकटीनेच उभं राहायचं होतं.

घरमालकिणीने मला काही विचारलं नाही. आपल्या लग्नातली कोरीव लाकडी पेटी तिने गॅरेजमधून काढली, पुसली, उन्हात ठेवली. त्यांच्यात नवरी सासरच्या प्रत्येकासाठी हाताने विणलेलं काहीतरी पेटीतून नेते. मला सुई धरता येत नाही हे कळल्यावर तिने कपाळावर हात मारला आणि स्वतःच सगळ्यांसाठी लोकरी मोजे विणले. सिडनीच्या ऐन उन्हाळ्यात! पेटीत त्यांच्यावर आईने कुरिअरने पाठवलेल्या साड्या आणि रुखवताचं भरतकाम रचलं.

लग्नाच्या सकाळी कॅसल हिलहून मुलाकडची मंडळी मला न्यायला आली. होणारा दीर पेटी उचलायला गेला, तर घरमालकीण पेटीवर ठाण मांडून बसलेली. त्याला वाटलं, गुडघे दुखत असतील.

"नो वरीज आंटी, खुर्ची आणतो," म्हणत त्याने खुर्ची आणली. तिने ती पायाने सरकवली. मग कुणी पाणी आणलं. सासूबाईंनी तर पर्समधून बामची बाटली काढली. आई फोनवरून सगळं बघत होती आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"अहो उठा ना, मुहूर्त टळेल," मी इंग्रजीत विनवलं.

"अशी सहज नाही देणार," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आमच्यात मुलीचा भाऊ पेटीवर बसतो. मुलाकडच्यांनी मनवल्याशिवाय उठत नाही. हिला भाऊ नाही. मी आहे."

मी ते आईला मराठीत सांगितलं आणि "मी आहे" म्हणताना फोन घरमालकिणीकडे वळवला. इतकी वर्षं जिला मी खडूस म्हणत आले, तिचे उपकार कसे मानायचे ते मला आजही कळत नाही. सासूबाईंनी बाम पर्समध्ये टाकला आणि दोन्ही हात जोडून तिच्यासमोर वाकल्या.

"अगं, ही तर आपली कानपिळीच!" आई रडत रडत हसली. "त्यांना म्हणावं, इतक्यात उठू नका."