डाव्या पायाची चप्पल

ते प्रकरण आठवले की मला अजूनही आधी एक चप्पल दिसते. डाव्या पायाची, वरच्या पट्ट्यावर गिअर घासून काळा डाग पडलेली.

नवरात्राचे दिवस होते. रोह्याहून पेणकडे येणाऱ्या रस्त्यावर, एका वळणावर, दिवेलागणीनंतर मोटरसायकलची धडक बसून एक म्हातारी पडली. आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही.

"लवकर या, म्हातारी जिवंत हाय. लाल गाडीवाला ठोकून गेला. रोह्याच्या बारमधनं पिऊन निघालेला. चप्पल पन टाकून पळाला."

गाडीचा नंबरही त्याने दिला. म्हातारीला आम्ही रुग्णालयात पोचवले. चप्पल मात्र टॉर्च घेऊन बराच वेळ शोधावी लागली. ती बांधाखाली, भाताच्या लोंब्यांत अडकली होती. पंचनामा केला.

गाडी पेण तालुक्यातल्या एका तरुणाची निघाली. नागोठण्याजवळच्या एका कंपनीत तो कंत्राटी कामगार होता. कायम होण्यासाठी त्याला पोलीस पडताळणीचा दाखला हवा होता आणि तो अर्ज माझ्याच टेबलावर पडला होता. गुन्हा नोंदवला की त्याची नोकरी गेली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"घरी."

"मग बारमध्ये कोण, तुझं भूत?"

"व्हतो साहेब. जेवायला बसलो. पन घेतली नाय. उपास हाय माझा."

आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, जबाब कसला घेताय, आरती करू या याची."

'बारमध्ये बसलो' हे मी लिहून घेतले. आमच्या खात्यात 'बसलो'चा अर्थ एकच. मग चप्पल त्याच्यापुढे टाकली आणि म्हणालो, "घाल."

त्याने पाय उचलला, पण चपलेवर टेकवेना. "दसऱ्यापरेंत नाय घालता येनार साहेब. अनवानी हाय मी."

मी तळवा बघितला. भेगांत माती, आत मोडलेल्या काट्यांची काळी टोके. असा पाय एका दिवसात होत नाही. मी पुरता गोंधळलो. देवीचे नऊ दिवस पाळणारा माणूस बारमध्ये कशाला जाईल? आणि आधी घरी होतो असे खोटे का सांगेल?

दुसऱ्या दिवशी रोह्याला गेलो. बार जवळजवळ रिकामा होता. मागे आचारी वऱ्याचे तांदूळ शिजवत होता, तोही अनवाणी. तो त्या तरुणाचा मेहुणा.

"भैन माझी बाळंतपनाला आमच्या आयशीकडं आलीय," तो म्हणाला. "भावजीला उपासाचं कोन करून घालनार? म्हटलं, शिफ्ट सुटली की इकडंच येत जा. बारचं नाव काढलं तर दाखला जाईल, म्हनून भ्यायला असंल तो."

"त्या दिवशी आणखी कोण होतं?"

"एकच गिऱ्हाईक. पिऊन भावजीला हसत व्हता, बारमधे वरी खातोय म्हनून. भावजी निघाला, तसा तोही गाडी घेऊन मागनं गेला."

परतताना त्या वळणावर थांबलो. जी चप्पल आम्हाला टॉर्चशिवाय दिसली नाही, ती फोन करणाऱ्याला कशी कळली? त्याचा फोन नंबर ठाण्यात होताच, पण मी तो तपासला नव्हता. खबर देणाऱ्यावर कोण संशय घेतो? पत्ता काढून गेलो. दारात नव्या चपलांचा जोड होता आणि जुनी उजवी चप्पल गोठ्यामागे सापडली. आचाऱ्याने त्याला ओळखले.

"घाबरलो साहेब," फोन करणारा म्हणाला. "पन म्हातारी तशीच मेली असती, म्हनून फोन केला."

डॉक्टरांच्या मते आणखी उशीर झाला असता तर ती वाचली नसती. त्याच्यावर गुन्हा नोंदवला. ज्याने तिला पाडले त्यानेच तिला वाचवले, आणि त्याच फोनमध्ये एका निरपराध माणसाला अडकवले. या माणसाबद्दल काय वाटून घ्यावे, ते मला आजही ठरवता आलेले नाही.

दसऱ्यानंतर तो तरुण दाखला न्यायला आला. चपला दाराबाहेर काढलेल्या.

"घालून ये की आत."

"राहू द्या साहेब. आता त्याच टोचतात."

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. मला शिकवण्यासाठी आई मजुरीला जाई आणि दर नवरात्रात अनवाणी राही. तिच्या तळव्यातले काटे मी सुईने काढले आहेत. त्यामुळे तो पाय मला ओळखता यायला हवा होता. बारमध्ये जाऊन खात्री केली, ते तपास म्हणून योग्यच होते. पण त्यानंतर कोणाचाही जबाब घेताना आधी त्याच्या पायांकडे बघायची सवय मी लावून घेतली. आणि त्या दिवशी चप्पल पुढे टाकून मी ज्या आवाजात 'घाल' म्हणालो, तो आईच्या कानावर पडला नाही, एवढेच बरे.