त्याचा हात थांबला तिथं

आमच्या गल्लीच्या टोकाला चर्च आहे. मृतांच्या स्मरणदिनाआधी तिथं गाण्याची तालीम चालते, तेव्हा मी मागच्या बाकावर जाऊन बसते. यंदा गाणारे एक जुनी लॅटिन प्रार्थना बसवत होते. ती रचणारा संगीतकार काम अर्धवट असतानाच वारला आणि पुढचं त्याच्या शिष्यानं पुरं केलं.

गाता गाता एका जागी सगळे थांबले, त्यांनी एकदम श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं. पुढचा पहिला सूर जरा कापला.

तालीम घेणाऱ्या सिसिलियाबाईंना मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, “त्याचा हात इथं थांबला. कागदावर विराम नाही, पण आमच्याकडे पहिल्यापासून थांबतात. एकदम दुसऱ्याच्या सुरात कसं शिरायचं?”

मला आईचं लोणचं आठवलं. कैऱ्या फोडून, मीठ-हळद लावून ठेवल्या आणि ती गेली. तिचं दिवसकार्य झाल्यावर काकूनं बरणी पुढं ओढली. एरवी सढळ हातानं तिखट घालणारी काकू तेव्हा चिमटीचिमटीनं घालत होती, मध्येच थांबत होती. लोणचं आईसारखं झालं नाही, काकूसारखंही नाही. आम्ही ते वर्षभर जपून खाल्लं.

परवा पुन्हा तालमीला गेले. त्याच जागी सूर कापला. एरवी बारीक चूक झाली तरी पेन्सिल आपटणाऱ्या सिसिलियाबाई मान खाली घालून नुसता हात हलवत राहिल्या.