आबांचा उलटा हात

आमच्या प्रयोगशाळेतल्या आबांचा कुठल्याच काट्यावर विश्वास नव्हता. मोटर तापलीय का, चहा निवलाय का, सगळं उलटा हात लावून बघायचे. फौजेत रक्ताच्या बाटल्यांचे फ्रीज सांभाळून कडेगावला परतलेला माणूस, मग कराडच्या कॉलेजात मदतनीस म्हणून लागला. मी वडूजची, तिथं पीएचडी करणारी, आणि तोंडानं फटकळ. "आबा, आकडा दिसतोय की समोर," असं त्यांना कितीदा तरी सुनावलं असेल.

माझा प्रयोग होता केसापेक्षा हजारपट बारीक तारेच्या, सोन्याच्या एका कड्याचा. इलेक्ट्रॉन त्याच्या दोन्ही बाजूंनी जातो आणि पुढं स्वतःलाच भेटतो. चुंबकाचा जोर वाढवत नेला की त्या भेटीच्या लाटा आलेखावर उमटतात. ऊब लागली की पुसल्या जातात, म्हणून कडं अतिथंड यंत्रात ठेवायचं. हे ऐकून आबा म्हणाले, "म्हंजी लेझीमवाल्यांच्या दोन रांगा देवळाला वळसा घालून समोर आल्या. गर्दीनं धक्कं दिलं तर ताल कुठनं जुळायचा?" माझ्या सरांनाही इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

पण लाटा काही उमटेनात. काटा शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंश दाखवायचा आणि आलेख आपला सपाट. तीन कडी वाया गेली, हे चौथं शेवटचं. सोमवारपर्यंत काही दिसलं नाही तर विषय बदला, असं सरांनी स्पष्ट सांगितलं. तीन वर्षं पाण्यात! मी रडकुंडीला आले होते, लपवू कशाला?

आबांनी विचारलं, काटा बसवलाय कुठं? यंत्राच्या तळाशी, तांब्याच्या थंड ठोकळ्यावर, मी म्हणाले. आणि कड्याला जोडलेल्या तारा कुठून येतात? वरून, खोलीतून, थेट. म्हणजे खोलीची ऊब घेऊनच की!

"आवं ताई, काटा सोताची थंडी सांगतोय, कड्याची न्हाई. आमच्या फ्रीजात काटा मागं असायचा अन् दारातल्या बाटल्या कोमट."

यंत्र उघडलं. तारा आधी त्या थंड ठोकळ्याभोवती गुंडाळल्या, मग कड्याला जोडल्या. यंत्र पुन्हा गार व्हायला दोन दिवस गेले. रविवारी दुपारी पडद्यावर एक लाट उठली. मग दुसरी. मग ओळीनं उठतच राहिल्या. मी खुर्ची ढकलून नाचले, हातात लेझीम नव्हती इतकंच.

आबा आलेखाकडं बघत राहिले. मग त्यांनी माझ्या कपाळाला उलटा हात लावला.

"जुळला ताल. आता घरी जावा. लय ताप हाय तुमास्नी."

त्या दिवशी मी पहिल्यांदाच वाद घातला नाही.

पुढं आबा निवृत्त झाले. तो आलेख चौकट करून मी त्यांना दिला, कडेगावला त्यांच्या दारासमोरच्या भिंतीवर लावलाय. आता माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. पोरं ऐटीत आकडा वाचून दाखवतात, आणि माझ्या तोंडून आबाच बोलतात: काटा बसवलाय कुठं?