चिकूचं डिपॉझिट

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफ करा. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर मी लिहिल्या त्या फक्त वाणसामानाच्या याद्या आणि आमच्या काकींचं रजिस्टर. हे लिहितेय तेही जुन्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर. कुणाला दाखवायचं नाहीये, तरी कधी कुणाच्या हाती पडलंच तर, म्हणून माफी मागून ठेवली. आता खरं ते सांगते. आमच्या राई गावापासून नवघरपर्यंत काकींइतकी भांडखोर बाई झाली नाही आणि होणार नाही, आणि वीस रुपयांवरून अख्खी सकाळ भांडणारी तर दुसरीकडे कुठेच सापडायची नाही.

काकी म्हणजे माझी मालकीण. नात्याची नाही, पण राईत सगळे त्यांना काकीच म्हणतात. काका गेले, मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला, आणि खाडीकडे पाठ करून उभं असलेलं ते मोठं घर काकींच्या एकटीच्या अंगावर पडलं. तेव्हा त्यांनी पाच खोल्यांना पाच कुलपं लावली आणि बाहेर पाटी टांगली, ‘राहण्याची सोय’. उत्तनच्या समुद्रावर फिरायला जाणारी माणसं येतात, लग्नाचे पाहुणे येतात, मीरा रोडच्या पूनम सागर सोसायटीत कुणाच्या घरी झुरळांचं औषध मारलं की ते कुटुंब दोन दिवस येतं. मी रत्नागिरीकडची. मिस्टर वारल्यावर इथे चादरी धुवायला आले ती सहा वर्षं इथेच आहे. स्वयंपाकघराच्या बाजूची खोली माझी. या घरात सगळ्यात जास्त शिकलेली मीच, त्यामुळे रजिस्टरही माझ्याकडे. मला बोलायची फार भीड वाटते. परक्या माणसासमोर तर शब्द घशातच राहतो. काकी म्हणतात, “हिच्याशी बोलनं म्हंजे भिंतीला हलद लावनं.”

जनावर घेऊन आलेल्या पाहुण्याकडून काकी हजार रुपये डिपॉझिट घेतात आणि तेही रोख. खोलीचं भाडं मोबाईलवर दिलं तर चालतं, डिपॉझिट नाही. “जे हातात घेतलं न्हाय ते हातानं परत कसं देनार?” असं त्यांचं म्हणणं. त्या नोटा सेफ्टीपिनने चिठ्ठीला टोचायच्या, चिठ्ठीवर मी जनावराचं नाव लिहायचं आणि सगळं बिस्किटांच्या डब्यात ठेवायचं. जाताना त्याच नोटा परत. रजिस्टरमध्ये जनावराची नोंद माणसासारखीच पूर्ण हवी, नाव, बापाचं नाव, गाव. एकदा एका बाईंनी कुत्र्याचं नाव ब्रूनो सांगितलं, तर काकी म्हणाल्या, “ब्रूनो कोन? बापाचं नाव सांग.” त्या बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बिचारा हळूच म्हणाला, “दिलीप.” मी लिहिलं, ब्रूनो दिलीप, मुक्काम मीरा रोड. दिलीपराव जाईपर्यंत माझ्याकडे बघत नव्हते.

पाहुणे निघाले की काकींची तपासणी सुरू होते. गादी उलटायची, उशीचा वास घ्यायचा, पलंगाखाली वाकून बघायचं. आणि सापडतंच काही ना काही. माणसं स्वतःच्या घरी करणार नाहीत ते सगळं लॉजमध्ये करतात. टॉवेलने बूट पुसतात, ओल्या अंगाने गादीवर लोळतात, कोळंबीची सालं बेसिनमध्ये टाकतात, मेंदीचे हात चादरीला पुसतात, पंखा-दिवे चालू ठेवून समुद्रावर जातात. जनावरं त्यामानाने सरळ. पण डिपॉझिट जनावराचं असल्यामुळे मालकाच्या पापाचे पैसेही जनावराच्याच नावावर कापले जायचे. एका गुजराती कुटुंबाच्या कुत्र्याने उशी फाडली, तेव्हा ते म्हणाले, उशी आधीच फाटलेली होती. काकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “तो किसने फाडा? मैं रात को उठके तकिया खाती हूँ क्या?” एक कुत्रा भुंकला म्हणून तीस रुपये कापले. पुढच्या आठवड्यातला अजिबात भुंकला नाही, तर “राखन करायची सोडून झोपा काढल्या” म्हणून त्याचेही तीस. एक मांजर कपाटात व्याली, तेव्हा काकींनी तीन पाहुणे वाढले म्हणून तीन जास्तीच्या गाद्यांचे पैसे कापले, आणि मग स्वतः तीन दिवस त्या बाळंतिणीला वाफवलेली मांदेली भरवत बसल्या.

पैसे कापले की पाहुणा भांडतो. भांडण लांबलं की काकी मला खूण करतात आणि मी चहा टाकते. चहा पिता पिता पाहुणा सांगतो की तो किती वर्षं कुठे नोकरीला होता, काकी सांगतात की समोरच्या बिल्डिंगच्या जागी कुणाची वाडी होती. दुपार होते. शेवटी पन्नास कापायचे ते चाळीसवर येतात आणि निघताना काकी त्याच्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी कोंबतात, शंभर-दीडशेची सहज. पहिल्या वर्षी मला वाटलं, काकींना हिशोब येत नाही. एकदा धीर करून विचारलंच. काकी भांडी विसळत होत्या, वळल्याही नाहीत. “ज्याचं पुरं दिलं तो मानूस इसरतो गो,” म्हणाल्या. “पन्नास कापले की जन्मभर नाव काढतो. भांडायला म्हनून का होईना, परत येतो.” आमच्या ओट्यावर पूर्वी संध्याकाळी दहा बाया बसायच्या म्हणे. आता त्या दहाही बाया फ्लॅटमध्ये गेल्यात. मी ओट्यावर बसते, पण मी काय, भिंत.

गेल्या पावसाळ्यानंतर पूनम सागरहून एक रिटायर झालेले गृहस्थ रिक्षातून आले. सोबत चिकू नावाचा म्हातारा, तपकिरी, एक कान पडलेला कुत्रा. त्यांच्या मिसेसचं ऑपरेशन होतं, घरी कुणी नव्हतं. चार दिवस कुत्रा एकटा ठेवाल का, म्हणाले. काकींनी साफ सांगितलं, मानसाबिगर जनावर ठेवत न्हाय. तेव्हा ते गृहस्थ चिकूला म्हणाले, “चल बाळा, पप्पा दुसरीकडे बघतात.” काकी ओरडल्या, “कुत्र्याचा बाप कवा झालास तू?” पण डबा मागवला. मी चिठ्ठी लिहिली, चिकू रमाकांत, दोन नोटा, पाचशेच्या.

चार दिवसांचा महिना झाला. मिसेसची तब्येत सुधारेना, मग लेकीने त्यांना नागपूरला नेलं आणि मागून रमाकांतरावही गेले. दर रविवारी फोन यायचा आणि खोलीचं भाडं मोबाईलवर. काकी फोनवर गरजायच्या, “उद्याच्या उद्या घेऊन जा, मी काय कोंडवाडा उघडलाय? माझं घर खाल्लं तुज्या पोरानं!” फोन ठेवला की चिकूच्या भातातले काटे काढायला बसायच्या. त्याने खरंच घर खाल्लं. काकींच्या चपला खाल्ल्या, एक मच्छरदाणी, पायपुसणी, दोन नंबरच्या खोलीतल्या गादीचा कोपरा, मुलाने पाठवलेल्या स्वेटरची बाही. प्रत्येक वेळी मला हाक यायची, “लिही गो, कापायचे!” मी लिहायचे. तीन पानं भरली. हजारात बसणार नाही इतकी रक्कम झाली तरी काकी लिहायला सांगतच राहिल्या. संध्याकाळी मात्र दोघं ओट्यावर बसत. कोण गेलं, कुणाची वाडी विकली, सुनेने फोनवर काय म्हटलं, हे काकी त्याला सांगायच्या आणि तो पडलेला कान तसाच ठेवून दुसरा उभा करायचा. साऱ्या गावाला अरे-तुरे करणाऱ्या काकी एकदा त्याला म्हणाल्या, “अवो, उठा आता, जेवून घ्या.” मग दारात मला बघून पदराने ओटा झटकायला लागल्या. मी बादली उचलून मागच्या दारी गेले. त्या महिन्यांत पाहुण्यांचे पैसे फारसे कापले गेले नाहीत. काकींना वेळच नव्हता.

चौथ्या महिन्यात एका शुक्रवारी फोन आला. मिसेस बऱ्या झाल्या होत्या, चिकूची आठवण काढत होत्या. ते सगळे आता नागपूरलाच राहणार होते. रविवारी येतो, म्हणाले. या वेळी काकी गरजल्या नाहीत. “बरं,” म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे दिला. शनिवारी त्यांनी चिकूला स्वतः आंघोळ घातली आणि मला म्हणाल्या, “उद्या बघ कसा भांडतो तो. तीन पानं हायेत. दोन दिवस तरी जायचा न्हाय.”

रमाकांतराव सकाळीच आले. फार वाळले होते. चिकू त्यांच्या पायांत घोटाळला, मग काकींच्या, मग पुन्हा त्यांच्या. काकी खुर्चीत ताठ बसल्या. “वाच गो,” म्हणाल्या. परक्या माणसासमोर मी कधी मोठ्याने वाचलं नव्हतं. तरी वाचलं. चपला, एकशे ऐंशी. मच्छरदाणी, दोनशे पन्नास. गादी, चारशे. काकी डोळे मिटून ऐकत होत्या, जसं काही कीर्तन चाललंय. तिन्ही पानं संपली. रमाकांतराव खिशात हात घालत म्हणाले, “बरोबर आहे काकी. हजारावर जे होतील ते सांगा. त्याहून जास्तच देतो, तुमचे उपकार आहेत.”

काकींनी डोळे उघडले. “भांडत न्हायस?”

“कशाला भांडू? तुम्ही खोटं सांगणार आहात का?”

काकी खुर्चीतून पुढे सरकल्या. मग एकदम चिडून म्हणाल्या, “आनि चपला मीच दारात काढल्या व्हत्या, त्यात त्याचा काय गुन्हा? खोड ते.” मी खोडलं. “मच्छरदानी जुनी व्हती. गादीत उंदीर आधीच शिरलेला. खोड. बाही उसवलेलीच व्हती, लेकानं सेलमधून घेतलेली असंल.” पाहुणा जे बोलायला हवा होता ते सगळं त्याच्या बाजूने काकी एकट्याच बोलत होत्या, आणि मी ओळीमागून ओळ खोडत होते. दोन पानं गेली, तिसरंही जवळजवळ गेलं. खाली एकच ओळ राहिली. चादर, पन्नास रुपये.

मला काय झालं ठाऊक नाही. काकींनी तोंड उघडायच्या आत मीच बोलले, आणि मोठ्याने. “काकी, चादरीचे तरी कापा ना. चादर नवीन होती. मी धुतलीये, मला माहितीये.”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. काकींचे डोळे भरले की काय ते मला कळलं नाही, कारण मी लगेच खाली बघितलं.

“न्हाय गो,” त्या हळू म्हणाल्या. “लांब जायचंय त्यांना. खोड.”

मी खोडलं. काकींनी डब्यातून चिठ्ठी काढली. पिन गंजली होती, निघता निघेना. नोटांवर दोन बारीक भोकं पडली होती. दोनच नोटा, पण काकींनी त्या तीनदा मोजल्या आणि पुरते हजार रुपये रमाकांतरावांच्या हातावर ठेवले.